आखाजीआधीची तडतड : पत्र्याखालच्या स्टुडिओतल्या नोंदी

काम : आखाजीसाठी (अक्षय तृतीयेसाठी) आठ अहिराणी गाणी रेकॉर्ड करून द्यायची. आखाजी ३० एप्रिलला, बुधवारी. गाणी २७ पर्यंत हातात हवीत, म्हणजे लोकांच्या मोबाइलवर दोन दिवस आधी पोचतील. आगाऊ ५,००० रुपये घेतलेले.

जागा : अमळनेर, घरावरची पत्र्याची खोली. भिंतींना गोधड्या टांगल्यात.

सामान : जुना घेतलेला लॅपटॉप, ८ जीबी रॅम, विंडोज १०. दोन इनपुटचा यूएसबी इंटरफेस (लॅपटॉपमध्ये आवाज नेणारी-आणणारी पेटी), एक कंडेन्सर माइक, रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर रीपर.

अशीच तडतड कुणाच्या मागे लागली असेल तर त्याचे दिवस वाचावेत, म्हणून या नोंदी. माझे एकवीस गेले.

६ एप्रिल २०२५, रविवार

तिसऱ्या गाण्याचा दुसरा अंतरा. गाणाऱ्या आक्का छान लागल्या होत्या, जिभाऊंची ढोलकी आधीच घेऊन ठेवलेली. मध्येच हेडफोनमध्ये तडतड सुरू झाली. गरम तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तसा आवाज. टेक वाया. पुन्हा घेतला, पुन्हा तेच. चौथ्या वेळी आक्कांनी हेडफोन काढून ठेवला आणि पदराने वारा घेत म्हणाल्या, "भाऊ, तुनं मशीन उनामा थकी गयं."

मी हसलो. दुपारचे अडीच वाजले होते. त्यांचं म्हणणं अर्धं खरं निघालं, पण ते कळायला तेरा दिवस लागले.

७ ते ९ एप्रिल

या तीन रात्रींचं सविस्तर लिहिण्यासारखं काही नाही, पण लाजेखातर लिहून ठेवतो. जो जो उपाय दिसला तो केला. पॉवर प्लॅन बदलला, इंटरफेसचा ड्रायव्हर नवा टाकला, यूएसबीची बचत सेटिंग बंद केली, पोर्ट बदलला, व्हायरस स्कॅन थांबवला, विंडोजचे आवाज बंद केले, आणखी तीन गोष्टी केल्या. एका रात्रीत नऊ बदल, आणि एकही वहीत लिहिला नाही.

बफर, म्हणजे संगणक एका वेळी आवाजाचे किती नमुने (सॅम्पल) साठवून काम करतो तो आकडा, २५६ वरून १०२४ केला तेव्हा तडतड जवळपास गेली. पण ४८,००० हर्ट्झला १०२४ सॅम्पल म्हणजे २१.३ मिलिसेकंद, तेही एका बाजूचे. आवाज आत जाऊन परत कानात येईपर्यंत चाळीसच्या वर जातात. आक्का एक ओळ म्हणाल्या आणि थांबल्या. "कानमा मना आवाज मांगेतून येस." झालं, १०२४ बाद.

मंगळवारी संध्याकाळी २५६ वर तासभर एकदाही तडतड झाली नाही. जिंकलो म्हणून घरी भजी केली. बुधवारी दुपारी पुन्हा सुरू. नऊपैकी कोणता उपाय लागू पडला होता आणि मग का उतरला, हे सांगायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

१० एप्रिल

ठरवलं : आता दुरुस्ती बंद. आधी तडतड मोजायची सोय करायची, मग हात लावायचा.

पहिलं काम म्हणजे केलेले नऊ बदल उलटे करणं. सात आठवले. उरलेले दोन कुठे केले होते ते शोधण्यात पूर्ण संध्याकाळ गेली. शंभर पानी वही घेतली, २५ रुपये. या सगळ्या कामातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी खरेदी.

डॉबेंच नावाची तयार चाचणी आहे. तिच्यात प्लगइन, म्हणजे आवाजावर प्रक्रिया करणारे छोटे प्रोग्राम, एकेक वाढवत जातात आणि कितव्याला आवाज फुटतो ते बघतात. दोन मशीनची तुलना करायची असेल तर ती ठीक. मला माझ्याच मशीनचा, माझ्याच कामातला आजार पकडायचा होता, म्हणून ज्या गाण्यात तो दिसला तेच गाणं चाचणीला घेतलं.

११ एप्रिल

तिसऱ्या गाण्याची प्रोजेक्ट फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये कॉपी केली आणि 'फक्त वाचण्यासाठी' करून टाकली. हे महत्त्वाचं. आधी मी चालू फाइलवरच तपासत होतो. सकाळी त्यात १९ ट्रॅक होते, रात्री २३, आणि मी दोन्हींची तुलना करत बसलो होतो.

चाचणी अशी : १९ ट्रॅक, सगळे प्लगइन जसेच्या तसे, आक्कांचा ट्रॅक रेकॉर्डला तयार आणि मॉनिटर चालू (म्हणजे गातानाच तो आवाज रीपरमधून कानात), बफर २५६, दहा मिनिटं लूप.

आता मोजायचं कसं? कानाने मोजायला बसलो तर चौथ्या मिनिटाला लक्ष उडतं. रीपरच्या परफॉर्मन्स मीटरमध्ये एक्सरनचा, म्हणजे आवाज किती वेळा तुटला त्याचा, आकडा दिसतो, पण माझ्याकडे मीटर ३ दाखवायचा आणि कानाला दहा-बारा तरी ऐकू यायच्या. मग ही युक्ती केली : १००० हर्ट्झचा सरळ सूर इंटरफेसच्या एका आउटपुटमधून थेट बाहेर काढायचा, वायरने दुसऱ्या इनपुटमध्ये परत आणायचा आणि रेकॉर्ड करायचा. नंतर त्या रेकॉर्डिंगमधून ईक्यूने (ठरावीक सूर कमी-जास्त करणाऱ्या प्लगइनने) १००० हर्ट्झ तेवढा खणून काढायचा आणि ग्लू करायचं, म्हणजे तो बदल रेकॉर्डिंगमध्येच पक्का करायचा. सूर जातो, आणि जिथे जिथे आवाज तुटला तिथे सपाट रेषेवर बाभळीच्या काट्यासारखा एकेक काटा उभा राहतो. टॅब दाबत एका काट्यावरून दुसऱ्यावर जायचं आणि मोजायचं.

पहिल्याच वेळी परत येणाऱ्या ट्रॅकचा मॉनिटर चालू राहिला. सूर फिरून फिरून असा चढला की खालून बायको विचारत आली, कुकरची शिट्टी अडकली का म्हणून. त्या ट्रॅकचा मॉनिटर बंदच ठेवा.

१२ एप्रिल, शनिवार

सकाळची चाचणी : ० काटे. पुन्हा केली : ०. आनंदाने खाली उतरलो, चहा घेतला, आणि पायरीवरच लक्षात आलं की सूर स्वच्छ ऐकू यावा म्हणून मी बाकीचे १९ ट्रॅक म्यूट केले होते. माझ्या सेटिंगमध्ये 'म्यूट ट्रॅकवर प्रक्रिया करू नये' याला टिक होती. म्हणजे मशीनवर ओझंच नव्हतं. रिकामी बैलगाडी चढावर चढवून बैल दमदार आहे म्हणत होतो. म्यूट काढले, त्याऐवजी सगळे फेडर तळाला नेले. प्लगइन चालू राहतात, आवाज बाहेर येत नाही.

संध्याकाळी ओझ्यासह तीन फेऱ्या, एकामागून एक, काहीही न बदलता :

४. ६१. ९.

हे आकडे वहीत लिहून बराच वेळ बघत बसलो. काहीही न बदलता ४ आणि ६१! म्हणजे गेल्या आठवड्यात मी एखादा उपाय करून "फरक पडला" म्हणत होतो तेव्हा तो कदाचित हाच चढउतार असणार. ज्या तराजूत तोच दगड एकदा पाव किलो आणि एकदा चार किलो भरतो, त्यात कापूस मोजून काय करणार?

म्हणजे चाचणीच अजून सारखी नव्हती. फाइल सारखी होती, बाकी सगळं मोकळं होतं.

१३ एप्रिल, रविवार

तीन फेऱ्यांत नकळत काय काय बदललं होतं ते आठवून लिहिलं. पहिल्या फेरीला बॅटरी पूर्ण भरलेली, तिसरीला ७० टक्के. दुसऱ्या फेरीत कूलरचं वारं थेट अंगावर यावं म्हणून लॅपटॉप टेबलाच्या दुसऱ्या कडेला सरकवलेला. पहिल्या वेळी ब्राउझर उघडा. मागे अपडेट चालू होतं की नाही, ठाऊक नाही.

मग नियम केले. वेळ पहाटे साडेपाच ते साडेसात, कारण तेव्हा खोली २८-२९ अंशांवर असते आणि वीज जात नाही. २५० रुपयांचं तापमापक आणून भिंतीला लावलं. लॅपटॉप एकाच जागी, टेबलावर चिकटपट्टीने चौकट आखून. इंटरफेस एकाच पोर्टमध्ये. बॅटरी शंभर टक्के, चार्जर लावलेला. वायफाय चालू, कारण पहिल्या दिवशी चालूच होतं आणि आजार जसा होता तसाच धरायचा होता. प्रत्येक फेरीआधी रीस्टार्ट, मग दहा मिनिटं काहीही न करता थांबायचं. सुरू झाल्याझाल्या विंडोजची मागे बरीच धावपळ चालते, ती शांत होऊ द्यायची.

रीस्टार्टच, शट डाउन नव्हे. विंडोज १० मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर बंद करून सुरू केलेलं मशीन आधीचं बरंच काही घेऊनच उठतं. रीस्टार्टने पाटी पुसली जाते.

हिशेब : रीस्टार्ट, थांबणं, दहा मिनिटांची फेरी आणि काटे मोजणं मिळून अर्धा तास. तीन फेऱ्यांना दीड तास. म्हणजे पहाटे एकच गोष्ट तपासून होते. ही गती बघून जीव घाबरा झाला. आखाजीला सतरा दिवस.

आणि पहिल्याच पहाटे, तिसऱ्या रीस्टार्टला, काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या. मतलब असा : चार्जरचा प्रकार ओळखता येत नाही, मशीन सावकाश चालेल. पुढे जायला कळ दाबा.

हा लॅपटॉप मी कधी बंदच करत नाही. झाकण मिटतो, उघडतो. हे वाक्य किती महिन्यांपासून मला सांगायला थांबलं होतं कोण जाणे.

१४ एप्रिल

चार्जर डुप्लिकेट. गेल्या दिवाळीत मूळ चार्जर जळाला तेव्हा ६५० ला घेतलेला. पिनच्या आत मधोमध सुईसारखी बारीक तार असते, तिच्यावरून मशीन चार्जर ओळखतं. माझ्या पिनमधली तार एका बाजूला झुकलेली होती.

एचडब्ल्यूइन्फो उघडून प्रोसेसरचा वेग बघत वायर बोटाने हळूच हलवली. ३.१ गिगाहर्ट्झ. जरा डावीकडे : ०.८. उजवीकडे : पुन्हा ३.१. दहा वेळा केलं, दहाही वेळा तेच. भाच्याला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, "मामा, हा तर रेडिओचा एरियल झाला."

परवाच्या ६१ चा उलगडा झाला : लॅपटॉप टेबलाच्या कडेला सरकवला तेव्हा वायर ताणली गेली होती. कूलरच्या वाऱ्यासाठी केलेला बदल वायरीने उलटवला.

१५ एप्रिल

रेल्वेने जळगाव. मूळ कंपनीचा चार्जर २,३०० रुपये. जाऊन-येऊन दिवस गेला. दुकानदाराने ८०० चा 'अगदी तसाच' दाखवला, नमस्कार करून ठेवून दिला.

१६ एप्रिल

नवा चार्जर, बाकी सगळं तसंच. तीन फेऱ्या : १४, १२, १५.

तडतड गेलेली नाही. तरी या पूर्ण कामातला सर्वांत मोठा आनंद मला या तीन आकड्यांचा झाला. वाईट आहेत पण सारखे आहेत. आता एखादा उपाय केला आणि आकडा ५ वर आला तर तो उपायाचाच असणार. ४-६१-९ वाल्या मशीनवर चांगला उपायही वाया गेला असता. नव्हे, गेलाच होता, हे पुढच्या दोन दिवसांत कळलं : वायफाय मी ८ तारखेला बंद करून पाहिलं होतं, तडतड चालूच राहिली म्हणून पुन्हा चालू केलं. दोन दुखणी एकदम असली की एक बरं झालेलं दिसतच नाही, कारण दुसरं ओरडतच असतं. "येते की जाते" एवढंच बघत राहिलो असतो तर दोन्ही कधीच सापडली नसती.

१७ आणि १८ एप्रिल

पहाटे एक गोष्ट, आणि वेळ उरला तर रात्री जेवणानंतर दुसरी. रात्रीच्या फेऱ्या वहीत वेगळ्या पानावर, कारण तेव्हा खोली ३५ अंशांवर असते. रात्रीच्या आकड्याची तुलना रात्रीच्याच आकड्याशी.

पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्स : १३, १५, १३. फरक नाही. परत आधीसारखा केला. फरक पडला नाही तरी "असू दे, चांगलाच आहे" म्हणून ठेवून द्यायचा मोह होतो. ठेवू नका, पुढच्या चाचणीत तो बदल लपून बसतो.

दुसरा पोर्ट : १४, १४, १६. फरक नाही.

वायफाय बंद : ५, ४, ६.

लेटन्सीमॉन (कोणता ड्रायव्हर मशीनला अडवून धरतो ते दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून पाहिलं तर यादीत सर्वांत वर एनडीआयएस, म्हणजे नेटवर्कचं खातं. ७ तारखेलाही मी हे सॉफ्टवेअर लावलं होतं, पण तेव्हा रीपर बंद होतं आणि दोनच मिनिटं बघितलं. सगळं हिरवं होतं. आजाऱ्याला झोपेत तपासून ठणठणीत म्हणावं तसं. या वेळी गाणं चालू ठेवून दहा मिनिटं चालवलं, तेव्हा लाल झालं.

वायफायचा नवा ड्रायव्हर टाकला : १२, ११, १४. नाममात्र. जुना परत टाकला. रेकॉर्डिंगच्या वेळी वायफाय बंद, हाच कायमचा उपाय. ढोलकीच्या फाइली जिभाऊ व्हॉट्सअॅपवर पाठवतात, त्या आदल्या रात्री उतरवून ठेवायच्या.

१९ एप्रिल, शनिवार

आता आक्कांचं ऊन. मुद्दाम दुपारी दोनला चाचणी घेतली, खोली ४१ अंश, कूलर बंद. माइक चालू असताना कूलर बंदच असतो. बदल एकच, वेळ.

२३, ३१, २७.

वेगाचा आलेख बघितला. सहाव्या मिनिटाला प्रोसेसर ९७ अंशांवर जाऊन वेग २ गिगाहर्ट्झच्या खाली येतो, मग चढतो, मग पुन्हा पडतो. काटेही बरोबर तिथेच. पहाटेच्या फेरीत पारा ८१ च्या वर गेला नव्हता.

लॅपटॉप उघडायला दुरुस्तीवाल्याकडे नेला. पंख्यापुढची जाळी दिसतच नव्हती. तिच्यावर करड्या रंगाचा जाड थर, बोटाने उचलला तर अखंड निघाला, वाकळेचा तुकडा जसा. कापसाचं तूस. आमच्या गल्लीमागे जिनिंग आहे, हंगामात दारं-खिडक्या बंद ठेवल्या तरी ताटात तूस सापडतं. लॅपटॉपने दोन हंगाम तेच ओढलं होतं. साफसफाई आणि नवी थर्मल पेस्ट, ४०० रुपये.

२० एप्रिल

दुपारी दोन, खोली ४१ : ५, ६, ५. म्हणजे पहाटेइतकंच. जाळी तर साफ झालीच, शिवाय लॅपटॉपच्या मागच्या पायांखाली दोन बाटल्यांची झाकणं ठेवली होती. हे दोन बदल एकदम केले, चूक झाली, पण वेगळं करून बघायला दिवस नव्हते. झाकणं तशीच आहेत.

आक्कांना फोन केला. मी दुरुस्ती सांगत होतो, त्या म्हणाल्या की हे त्यांनी ६ तारखेलाच सांगितलं होतं.

२१ आणि २२ एप्रिल

उरले पाच. हे पाच कशाने जाईनात. स्कॅन बंद, ब्लूटूथ बंद, स्क्रीन मंद, काही उपयोग नाही. दोन दिवस यातच गेले.

शेवटी उलटीकडून गेलो. आक्कांचा ट्रॅक रेकॉर्डवरून उतरवला, नुसतं गाणं वाजवलं : ०, ०, ०.

रीपर वाजवताना प्लगइनचं काम थोडं पुढे जाऊन आधीच करून ठेवतं. रेकॉर्डला लावून मॉनिटर चालू केलेल्या ट्रॅकला ती सवलत नाही, कारण पुढचा आवाज अजून गळ्यातून निघालेलाच नाही. त्या ट्रॅकचे प्लगइन ५.३ मिलिसेकंदांच्या, म्हणजे २५६ च्या एका बफरच्या, आत जागच्या जागी व्हावे लागतात. आणि त्याच ट्रॅकवर मी सर्वांत जड कन्व्हल्यूशन रिव्हर्ब (घुमारा देणारा प्लगइन) आणि नॉइज काढणारा प्लगइन लावून ठेवला होता. एकूण सीपीयू ३० टक्के दिसायचा म्हणून मी निर्धास्त. बघायचा होता तो मीटरमधला रिअल-टाइमचा आकडा आणि सर्वांत लांब ब्लॉक, म्हणजे एका बफरच्या कामाला लागलेला जास्तीत जास्त वेळ.

दोन्ही प्लगइन काढले : ०, ०, ०. एक परत लावला, फक्त नॉइजवाला : ४, ५, ४. सापडला. तो आता मिक्सिंगच्या वेळीच.

२३ एप्रिल

पण आक्कांना कोरड्या आवाजात गाता येत नाही. देवळात गाणाऱ्या बाईला गोधड्यांच्या खोलीत कोंडल्यावर दुसरं काय होणार. तोड अशी काढली : त्यांचा मूळ आवाज इंटरफेसच्या डायरेक्ट मॉनिटरमधून कानात, म्हणजे संगणकात न जाता. रीपरमधून फक्त रिव्हर्ब, मूळ आवाज शून्य, तोही हलका साधा रिव्हर्ब. घुमारा थोडा उशिरा आला तरी घुमाऱ्याचं ते चालतं. यामुळे बफर ५१२ करता आला. तीन फेऱ्या दुपारी दोनला : ०, ०, ०.

२४ ते २६ एप्रिल

रेकॉर्डिंग. तीन दिवसांत सात गाणी. शुक्रवारी वीज गेली, लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, सगळे म्हणाले चालू द्या. नाही चालू दिलं. बॅटरीवर हे मशीन वेग कमी करतं आणि त्या स्थितीची एकही फेरी माझ्या वहीत नाही. सव्वा तास कैरीचं पन्हं पीत बसलो.

खर्च : चार्जर २,३००, सफाई ४००, तापमापक २५०, वही २५, जळगावचं जाणं-येणं आणि चहापाणी धरून १५०. एकूण ३,१२५.

२७ एप्रिल, रविवार

काल रात्री सहावं गाणं ऐकताना दुसऱ्या कडव्यात तडतड. पोटात गोळा आला. फाइल आज द्यायची.

पण कशालाही हात लावला नाही. पहाटे पाचला उठून चाचणी घेतली : ०, ०, ०. म्हणजे मशीन नाही. मग ती जागा हेडफोनवर सावकाश, वीस-पंचवीस वेळा ऐकली. तडतड तालात होती. समेवर.

आक्कांना सकाळी सातला बोलावलं. त्या कडव्यात त्यांचा हात आपोआप झोक्याच्या दोरीसारखा मागेपुढे होतो, आणि सणासाठी डझनभर नवा चुडा भरलेला. काढायला सांगायची माझी हिंमत नव्हती, त्यांनीही विषय काढू दिला नाही. दोन्ही मनगटांवर जिभाऊंचे रुमाल बांधले, कडवं पुन्हा घेतलं, आणि साडेदहाला आठही गाणी पाठवली.